शेवटच्या बांधीनं आधी बोलायचं

माणसाच्या जन्माची घटका वरून ठरून येते. ती पळभरही पुढेमागे करणं कुणाच्या हाती नसतं. हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं आहे. गोंदियात किंवा आसपास कुठंही बारसं, वाढदिवस किंवा सत्कार असला आणि माइक त्यांच्या हाती आला, की ते हे वाक्य म्हणतात आणि म्हणून झाल्यावर जरा थांबतात. ज्यांना टाळ्या वाजवायच्या आहेत त्यांची त्यामुळे सोय होते. आमच्या लग्नाच्या रिसेप्शनमध्येही, काही कारण नसताना, ते हे म्हणाले होते. म्हणून माझं बाळ पोटात उलटं आहे आणि बहुधा सिझर करावं लागेल हे कळल्याबरोबर ते स्कूटर काढून पंडितजींकडे मुहूर्त काढायला गेले, तेव्हा मला थोडं आश्चर्य वाटलं.

उलटं म्हणजे काय, ते सांगते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचं डोकं वर, माझ्या बरगड्यांपाशी होतं, बूड खाली आणि दोन्ही पाय सरळ वर, कपाळाला लागलेले. पाय सोडले तर ते चारचौघांत बसावं तसं बसलं होतं. बाकीची बाळं या सुमारास डोक्यावर उभी असतात आणि त्यांना सुलटं म्हणतात.

मी एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. निर्णय कोण घेतो आणि कुणाच्या नावानं घेतो, हा माझा रोजचा तासाचा विषय आहे. तो स्वतःच्या पोटावर शिकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

माझ्या डॉक्टर मॅडम कमी बोलणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, "अजून वेळ आहे. फिरलं तर फिरलं. नाहीतर सिझर."

"तिसरं काही?" मी विचारलं.

"बाहेरून, पोटावरून हातानं फिरवतात. मी करत नाही. नागपूरला माझी एक वर्गमैत्रीण करते. फिरेलच असं नाही, पहिलटकरणीचं तर कमीच फिरतं. दुखतं. क्वचित बाळाचे ठोके खाली येतात आणि मग तिथल्या तिथे सिझर करावं लागतं. म्हणून ऑपरेशन थिएटर शेजारी असल्याशिवाय करत नाहीत."

"आणि आहे तसंच, बुडाकडून, नॉर्मल?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "होतं. त्याला हात बसलेला लागतो. आमच्या आधीच्यांचा होता. माझा नाही, आणि तुझ्यावर मला तो बसवायचा नाही."

त्या वाक्यानंतर या बाईंवर विश्वास ठेवायचा, असं मी ठरवलं. आणि नागपूरला जायचं, हेही. सिझरची मला लाज नव्हती, भीती होती ती सगळ्यांना असते तेवढीच. पण पोट कापण्याआधी हातानं एकदा प्रयत्न करता येत असेल, तर तो मला हवा होता. झाला तर उत्तम. नाही झाला तर निदान विचारून पाहिलं होतं, एवढं तरी माझं मला राहील.

माझं माहेर कामठ्याच्या बाजूचं. पूर्वजांनी कधी काळी गावाला तलाव बांधला. घराण्याची नाव घेण्याजोगी कर्तबगारी एवढीच, आणि ती आम्ही अजून पुरवून वापरतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, पण बाळ असं बसल्यावर दवाखान्याजवळ राहिलेलं बरं, म्हणून मी गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला सासरीच थांबले. रिपोर्ट मी फोनवर बाबांना वाचून दाखवला. त्यातलं त्यांना एकच कळलं.

"पानी किती आहे?"

"पुरेसं आहे, बाबा."

"मंग काऊन घाबरतं?"

आईनं फोन ओढून घेतला. "पायाळू होते वाटते लेकरू! विजेच्या दिवसांत बाहेर नोको सोडू म्हंजे झालं." पायाळू माणसावर वीज पडते असं आमच्याकडे मानतात. त्याला जमिनीतलं पाणी दिसतं असंही मानतात, आणि पाठीत उसण भरली तर पायाळूच्या लाथेनं ती जाते, हे तर मानण्याच्या पलीकडचं, म्हणजे अनुभवाचं आहे. बातमी गावात फिरली आणि दोन दिवसांनी आमच्या शेजारच्या काकांनी निरोप पाठवला, की घाई नाही, पण बाळंतपण साधारण कधी आहे ते कळवा, कंबर धरली आहे.

दरम्यान बाळानं आपणहून फिरावं म्हणून आम्हीही प्रयत्न केले. आम्ही म्हणजे मी आणि नवरा. मी गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, बूड वर करून पडायची आणि तो मोबाइलवरून सूचना वाचायचा. तो धान्याच्या व्यापारात आहे. ज्या गांभीर्यानं पोत्यातला ओलावा तपासतो त्याच गांभीर्यानं तो माझ्या पोटाभोवती फिरत असे. खालच्या बाजूला गाणी लावली तर बाळ आवाजाकडे वळतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं. गाणी लावून झाली, बाळ वळलं नाही. मग त्याला उलटी युक्ती सुचली. त्यानं वरच्या बाजूला, बाळाच्या डोक्यापाशी, आपल्या वडिलांच्या भाषणाचं रेकॉर्डिंग लावलं, म्हणजे ते तिकडून पळेल. बाळाची हालचाल बंद झाली. मी घाबरून पाणी प्यायले, कुशीवर झाले, तेव्हा त्यानं चांगली लाथ मारली. झोपलं होतं. इतर श्रोत्यांहून त्याचं काही वेगळं नव्हतं.

सासरे मुहूर्त घेऊन आले. सासूबाई लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे सासू आणि सासरा या दोन्ही पदांचा कार्यभार त्यांच्याकडेच आहे. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात.

"बेटा, एकदम फर्स्ट क्लास योग आहे," ते म्हणाले. "पंडितजी बोले, ऐसा मुहूर्त सालों में आता है. गुरू बघ, चंद्र बघ, सगळे आपापल्या जागी."

तो मुहूर्त पुढच्याच आठवड्यातला होता. नागपूरला जायचं तेही त्याच आठवड्यात होतं. आणि मॅडमनी तर स्पष्ट सांगितलं होतं, की कारण नसताना इतक्या लवकर बाळ काढायचं नाही, त्याला आत अजून काम आहे.

"बाबूजी, बाळ सोडून सगळे आपापल्या जागी आहेत," मी म्हटलं.

ते हसले, पण ऐकलं नाही. "अशा गोष्टी घाईनं नाही ठरवत. बैठक लावू."

बाबूजी तीन मंडळांचे अध्यक्ष आहेत. माणूस दोन मंडळांचा अध्यक्ष असेपर्यंत घरात घरच्यासारखा वागतो. तिसऱ्यानंतर कठीण होतं. रविवारी सकाळी माझे आईबाबा गावाहून आले. दिवाणखान्यात, जिथे भिंतभर सन्मानचिन्हं आहेत, तिथे खुर्च्या मांडल्या होत्या, आणि बाबूजींनी बैठकीचा क्रम सांगितला. प्रास्ताविक नवरा करेल. मग माझे वडील, मग आई, मग अध्यक्षीय भाषण आणि निर्णय.

"आणि शेवटी सूनबाई दोन शब्द बोलेल. आभाराचे."

हे ते अगदी मायेनं म्हणाले. माझं पोट, माझं बाळ, आणि मला आभारप्रदर्शन. मला राग आला, पण त्याहून जास्त कौतुक वाटलं. संपूर्ण राज्यशास्त्र एका ओळीत बसवायला अभ्यास लागतो.

नवऱ्यानं प्रास्ताविक सुरू केलं. "एका बाजूनं बघितलं तर मुहूर्त आहे, दुसऱ्या बाजूनं बघितलं तर नागपूर आहे," असं म्हणून तो दोन्ही बाजूंच्या मधोमध थांबला. मी त्याच्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

मग बाबांची पाळी होती. ते उठले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसले होते, तसेच बसून म्हणाले, "इवाई, एक बोलू का? राग नोका मानू." व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि राग नका मानू म्हटलं की राग येण्याजोगं काही येणार हे त्यालाही कळतं.

"बोला ना, आपलंच घर आहे."

"आमच्या तलावावर असं नाई होत."

बाबा बरीच वर्षं गावच्या तलावाचं पाणी सोडायचं काम बघतात. पाळीतल्या, म्हणजे तलावाच्या बांधातल्या, ज्या दारातून पाणी शेतांना सुटतं त्याला आम्ही तुडूम म्हणतो. निसवणीच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, वेळी पावसानं दडी मारली की धानाला पाणी लागतं, आणि तलावात ते सगळ्यांना पुरेल इतकं कधीच नसतं. मग गाव पाळीवर जमतं आणि तुडूम केव्हा, किती उघडायचा ते ठरतं. तिथे माइक नसतो आणि अध्यक्षही नसतो. एक रीत तेवढी असते: ज्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, सगळ्यांत शेवटी आहे, त्यानं आधी बोलायचं. तुडमाजवळच्याला काहीही ठरलं तरी पाणी मिळतंच. चूक झाली तर वाळतं ते शेवटच्याचं.

बाबांनी हे तीन वाक्यांत सांगितलं. बाबूजी मोठ्यानं हसले.

"अरे वा! पण इथं कोणाची बांधी आहे, भाई?"

बाबांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "तिची. काही बिघडलं तं आपुन सारे चहा पिऊन उठून जाऊन. भोगावं तिले लागन. तिले बोलू द्या आधी."

बाबूजींच्या हातात क्रमाचा कागद नव्हता, पण असता तर त्यांनी तो नक्की उलटून पाहिला असता.

मी बोलले. आदल्या रात्री मनात मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं निम्मं आठवलं नाही, बरंच झालं. मी म्हटलं, नागपूरला जाऊन बाळ फिरवायचा प्रयत्न करायचा आहे. तिथल्या डॉक्टरनं थांब म्हटलं की थांबणार. फिरलं नाही, तर मॅडम म्हणतील त्या आठवड्यात सिझर करणार, आणि त्यानंतर रडारड करणार नाही. गावच्या कुणा दाईकडून पोट चोळून घेणार नाही. आणि पुढच्या आठवड्यातला मुहूर्त बाळासाठी लवकर आहे, म्हणून तो नको.

"मुहूर्ताचं असं सोडून कसं द्यायचं, बेटा?" बाबूजी दुखावल्यासारखे म्हणाले.

उत्तर बाबांनी दिलं. "मुहूर्तवाला तुडमापाशी बसला आहे, इवाई. त्याले पानी भेटतेच."

आई पदर तोंडाला लावून हसली. मग गंभीर झाली. "मले काही समजत नाई. पन लेकराले ढकलाढकली कायले करतं, बाई?"

"आई, ढकलणारी शिकलेली आहे. आणि ठोके मशीनवर ऐकत राहतात."

"तिकडं तूच जाऊन राहिली ना? मंग मी येतो सोबत. बाहेर बसतो." आमच्या आईसारख्या बायका असंच बोलतात, बाप्यांसारखं. वाद संपला की त्यांचा होकार प्रवासाच्या तयारीतून कळतो.

"मग बाकीच्यांनी काय बोलायचं?" बाबूजींनी विचारलं. त्यांचं अध्यक्षीय भाषण घशात होतं.

"कसं जायचं ते," बाबा म्हणाले. "जायचं का नाई, ते झालं."

बाबूजींनी तरीही भाषण केलं. त्यात जन्माची घटका आली, ते थांबले, टाळ्या झाल्या नाहीत. आभार मी मानले. इतके मनापासून मी कधीच कुणाचे मानले नसतील. नवरा कसं जायचं यावर बोलला आणि चांगलं बोलला: सकाळची गाडी, खालचा बर्थ, डबा घरचा.

आईबाबा निघाले तेव्हा फाटकापाशी मी बाबांना विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मले तं वाटते सिझर करून मोकळं व्हावं. इतकी दगदग कायले?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझी बांधी नाई ना, बाई."

नागपूरच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या वाटत होत्या, पण मॅडमच्या वर्गमैत्रीण, म्हणजे नसणार. त्यांनी आधी सोनोग्राफी केली, पाणी पाहिलं, वार कुठं आहे ते पाहिलं, अर्धा तास ठोके ऐकले. पोट सैल पडावं म्हणून इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "हे कुणी ठरवलं? घरच्यांनी?"

"मी."

"बरं झालं. घरच्यांनी ठरवलेलं असलं, की बायका पोट ताठ धरतात."

त्यांनी पोटाला गार चिकट काहीतरी लावलं. एका हातानं बाळाचं बूड ओटीपोटातून वर उचललं, दुसऱ्या हातानं डोकं बाजूला ढकलायला सुरुवात केली. कणीक मळण्याची उपमा मला तिथेच सुचली आणि तिथेच टाकून दिली, कारण कणकेला दुखत नाही. बाळ सरकलं. पोट आडवं झालं, मी स्वतः पाहिलं, एक मोठं पपईसारखं काहीतरी माझ्यात आडवं पडलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "येतंय, येतंय." मी श्वास सोडत राहिले. आणि मग त्यांच्या हाताखालून ते परत फिरलं, जिथे होतं तिथे जाऊन बसलं. रिझर्वेशन असल्यासारखं.

दुसऱ्यांदा केलं. या वेळी आडवंही झालं नाही. मशीनवरचे ठोके, जे इतका वेळ पळत होते, ते चालायला लागले. डॉक्टरांनी लगेच दोन्ही हात उचलले. मला कुशीवर केलं. खोलीत तो एकच आवाज होता आणि तो मंद होता. नर्सनं दाराकडे पाहिलं. दारापलीकडे थिएटर होतं.

मग ठोके पुन्हा पळायला लागले.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आता नाही."

मला अजून एकदा म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले होते. बाळ आडवं झालेलं मी पाहिलं होतं, निम्मी वाट ते आलं होतं, आणि मी निम्म्या वाटेवरून परतणारी नाही, असा माझा लौकिक आहे. पण मी चारचौघांत सांगितलं होतं, थांब म्हटलं की थांबणार. आणि माझ्याही मागे एक बांधी होती. तिनं आपलं मत त्या मशीनवर नुकतंच दिलं होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

दिवसभर ठोके तपासून त्यांनी सोडलं. बाहेर बाकावर आई, बाबा आणि नवरा ओळीनं बसले होते. नवरा उठला, त्यानं माझी पिशवी घेतली.

"फिरलं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"पानी?"

"आहे तेवढंच आहे."

"मंग चाल."

गाडीत मी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तीन पोळ्या खाल्ल्या. रडू आलं, पण ते भंडारा रोड यायच्या आत संपलं. घरी येऊन मी बाबूजींना सांगितलं, की सिझर करायचं ठरवलं आहे.

"हेच तर आम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होतो!"

"हो," मी म्हटलं. जागा तीच होती, मी तिथे माझ्या पायांनी आले होते. हे त्यांना समजावून सांगायला मला दोन तास लागले असते आणि मला झोप आली होती.

मग एक काम मी त्यांच्यावर सोपवलं. मॅडमनी सांगितलेल्या आठवड्यात त्यांनी हवा तो मुहूर्त शोधावा. ते तत्काळ स्कूटरवर बसले. सालों में येणारा मुहूर्त त्या आठवड्यातही निघाला. पंडितजींकडे साठा होता. मॅडम म्हणाल्या, "मला चालेल. भूलवाल्या डॉक्टरांना विचारा." आमच्या गोंदियात भूलतज्ज्ञ मोजके. ते सकाळपासून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत असतात. त्यांनीही हो म्हटलं.

ठरल्या दिवशी सकाळी मी हिरवा गाऊन घालून तयार होते, आदल्या संध्याकाळपासून उपाशी. बाबूजी पांढऱ्या कुर्त्यात, हातात घड्याळ. मुहूर्त जवळ आला. भूलतज्ज्ञ दुसऱ्या एका दवाखान्यात अडले होते. तिथे कुणाची तरी अवघड वेळ आली होती आणि त्या बाईनं मुहूर्त काढलेला नव्हता. बाबूजींनी फोन केला. "बस, निघतोच." पुन्हा केला. "निघालो समजा." मुहूर्त आला, थोडा वेळ थांबला आणि गेला. बाबूजी घड्याळाकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदाच मला त्यांची खरी दया आली. "काही होत नाही, बाबूजी," मी म्हटलं. "बाळ कुठं जात नाही. त्यानं ते सिद्ध केलं आहे."

दुपारी मला आत नेलं. पाठीत सुई, मग कमरेखाली माझं काही उरलं नाही. पडद्यापलीकडे मॅडम म्हणाल्या, "बूड... पाय... हं, आता खांदे." आणि मग थोडी शांतता, जी नागपूरच्या त्या शांततेसारखी होती, म्हणून मी ठोके मोजल्यासारखं ओठ हलवत राहिले. मग ती रडली. मुलगी. माझ्या बांधीला पाणी पोचलं होतं.

सिझरनं झालेलं मूल पायाळू धरायचं की नाही यावर गावात दोन मतं आहेत. शेजारच्या काकांनी वाट न बघता कंबरेला मलम लावलं. बारशाला बाबूजींनी माइक घेतला. मधल्या दिवसांत त्यांनी जन्मवेळ पंडितजींना दाखवली होती, आणि पंडितजींनी ती पाहून कान पकडले होते: आम्ही काढलेला मुहूर्त चांगला होता, पण ही घटका त्याहून श्रेष्ठ, अशी घटका माणूस काढूच शकत नाही. बाबूजींचा आवाज भरून आला. "माणसाच्या जन्माची घटका वरून ठरून येते," ते म्हणाले आणि थांबले. टाळ्या झाल्या. माझ्या बाबांनीही वाजवल्या.

त्या घटकेबद्दल मला एवढंच सांगता येईल, की मुहूर्त तर गेलाच, म्हणून भूलतज्ज्ञ आधी घरी जाऊन जेवून आले होते. वालाच्या शेंगांची भाजी होती. पाठीत सुई टोचताना त्यांनीच सांगितलं.